जुनापाणीचे दगड म्हणजे ध्यानाची वाट नव्हे, बाप्पा

आमच्या भागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सारांश असा: परदेशात ज्याला लॅबिरिंथ म्हणतात, ती वळणावळणाची वाट म्हणजे आपलाच चक्रव्यूह, फ्रान्सच्या चर्चवाल्यांनी तो इथून उचलला, नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं ही पूर्वजांची तीच ध्यानाची वाट, आणि रोज सात फेऱ्या मारल्या की जमिनीतली ऊर्जा अंगात शिरून शुगर-बीपीच्या गोळ्या सुटतात. शेवटी सल्ला, माळावरचे जुने दगड आणा आणि गावात अशी वाट बांधा.

आधी चक्रव्यूह. ती सैन्याची मांडणी. द्रोणांनी युद्धाच्या तेराव्या दिवशी रचली, अभिमन्यू ती फोडून आत गेला आणि बाहेर पडू शकला नाही. लॅबिरिंथमध्ये फोडायला काही नसतंच. वाट एकच, फाटा कुठे नाही. चालत राहा, मधोमध पोचता, त्याच वाटेनं परत येता. हरवायची हौस असेल तर लखनौच्या बड्या इमामबाड्यातली भूलभुलैया आहे. खरं एवढंच की आपल्या शिल्पकारांनी चक्रव्यूह दाखवताना ही आकृती वापरली. हळेबीडच्या १२व्या शतकातल्या होयसळेश्वर मंदिरावर तसं शिल्प आहे.

म्हणून फ्रान्सनं ती चोरली? फ्रान्समधल्या शार्त्रच्या चर्चमधली फरशीवरची वाट १३व्या शतकाच्या सुरुवातीची, अकरा पदरांची, म्हणजे मध्याभोवती एकाबाहेर एक अकरा पट्टे. त्याआधीची सात पदरांची आकृती ग्रीसमधल्या पायलोसच्या राजवाड्यातल्या एका मातीच्या पाटीवर सापडते, इसवी सनापूर्वी १२००च्या सुमाराची. पुढच्या बाजूला बकऱ्यांचा हिशेब आणि मागे कारकुनानं ओढलेली ही नक्षी! राजवाडा जळाला, त्या आगीत पाटी भाजून निघाली म्हणून टिकली. होयसळांच्या दोन हजार वर्षं आधीचा तो कारकून इथून काय उचलणार?

जुनापाणीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण हे आपल्या घरचं आहे आणि नुकसानही इथेच होणार. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथली शिलावर्तुळं ही लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ सालीच त्यांवर लिहून ठेवलंय. पुढे आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खननं केली. मोठाल्या दगडांचं कडं, आत गोट्यांचा नि मातीचा भराव, त्याखाली हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी. माहुरझरीला तर घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिनेही निघाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीएवढे खळगे कोरलेले आहेत, बोट फिरवलं की कळतात. हे सगळं आहे, पण कड्याच्या आत वाट नाही. एकही वळण नाही. मेसेज लिहिणारा तिथे गेलाच नसावा.

गोळ्यांचं थोडक्यात. शार्त्रची अख्खी वाट सुमारे २६० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर, तीही सावकाश. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी झपाझप चालायला सांगते. त्यानं साखर आटोक्यात राहायला मदत होते, मग तुम्ही गोल चाला नाहीतर सरळ धुऱ्यावरून. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

मग या वाटेत काहीच नाही? आहे की. १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये लॉरेन आर्ट्रेस या धर्मगुरू बाईंनी शार्त्रची नक्कल करून लोकांना चालायला बोलावलं, तेव्हापासून हे पुन्हा पसरलं. त्यात गूढ ऊर्जा नाही. कुठे वळायचं हे ठरवायचं काम डोक्यावरून उतरतं. मध्य हातभर अंतरावर दिसतो आणि वाट पुन्हा काठाला नेऊन सोडते, तेव्हा आपण किती घाईत आहोत ते कळतं. प्रार्थनेसाठी, दुःखात, एखादा निर्णय मनात घोळवताना माणसं ती चालतात.

यावर आमच्याकडचे काही म्हणतात, डवऱ्यामागे दिवसभर तासातून येरझारा घालणाऱ्याला हे कशाला? मला हे पटत नाही. डवरताना नजर बैलावर आणि पऱ्हाटीच्या रोपावर असते, मन मोकळं राहतच नाही. शेगावच्या पालखीसोबत पायी जाणारे वारकरी किंवा रिद्धपूरला स्थानवंदनाला येणारे महानुभाव यांचं चालणं या वाटेच्या जास्त जवळचं, कारण त्यात कामाचा हिशेब नसतो.

करायचंच असेल तर शाळेच्या मैदानावर फक्कीनं होतं. मधे अधिकचं चिन्ह, चारही कोनांत एकेक काटकोन, त्यांच्या बाहेर चार ठिपके. आधी अधिकचं वरचं टोक त्याच्या लगेच उजवीकडच्या टोकाला कमानीनं जोडायचं, मग डावीकडचं एकेक टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला तसंच जोडत जायचं, की सात पदरांची वाट तयार. पाऊस पडला तर पुन्हा आखायची. जुनापाणीचे दगड मात्र उचलू नका. ती जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि दगड हलवणं हा गुन्हा आहे.