खुलासा : मुलांची उलटतपासणी घेऊ नका
मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून एका शिक्षकाला अटक झाल्यानंतर पालकांमध्ये एक संदेश फिरतोय : ‘आज रात्रीच मुलांना समोर बसवा, सरांनी काय केलं ते वदवून घ्या.’ कळकळ समजते, पण सल्ला चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या शिक्षकांवर असेच आरोप झाले, त्या प्रकरणात १९८३ साली पोलिसांनीच सुमारे २०० पालकांना पत्र पाठवून मुलांकडे चौकशी करायला सांगितलं. पुढे मुलांच्या मुलाखतींतही सूचक, म्हणजे हवं ते उत्तर सुचवणाऱ्या, प्रश्नांचा मारा झाला आणि त्यांच्या जबाबांवर भरवसा ठेवणं अवघड झालं. १९९० मध्ये सगळं संपलं तेव्हा एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता. मूल आपणहून बोललं तर ऐका, मध्ये टोकू नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ‘तुझी चूक नाही’ एवढं जरूर सांगा. बाकी प्रश्न प्रशिक्षित तपासनिसांना विचारू द्या. आणि तक्रार कोणाच्या मुलाने केली, याचे तर्क तर अजिबात नकोत.