पहिल्याच दिवशी अख्खं रोम कसं उरकावं

सर्वात आधी अकरा ठिकाणांची यादी करा. अकराच का? तर गेल्या महिन्यात हाती पडलेल्या एका कौटुंबिक एक्सेल शीटमध्ये ‘डे वन : रोम’ या मथळ्याखाली अकरा होती आणि व्हॅटिकन म्युझियमपुढच्या चौकोनात लिहिलं होतं, ‘पाऊण तास’. हे मार्गदर्शन त्या पाऊण तासाला अर्पण. तिथली दालनं सगळी मिळून सातेक किलोमीटर भरतात, म्हणजे आजोबांना ताशी नऊ किलोमीटरच्या वेगाने पळवलं की जमलंच. त्यातल्याच सिस्टीन चॅपेलचं छत रंगवायला मायकेलँजेलोला १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं लागली, पण त्याच्याकडे एक्सेल नव्हतं.

विमान रात्रीचंच घ्या, मध्ये आखातात तीन-चार तासांचा थांबा असलेलं. झोप न झालेली सहा माणसं आणि आठ बॅगा घेऊन सकाळी फ्युमिचिनो विमानतळावर उतरलात की थेट लिओनार्डो एक्सप्रेस ही रेल्वे पकडा. माणशी १४ युरो, टर्मिनी या मुख्य स्थानकापर्यंत ३२ मिनिटं. दाराशी उभ्या अधिकृत पांढऱ्या टॅक्सीकडे बघूही नका. जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आत, म्हणजे जुन्या शहरात, जायचा तिचा दर महापालिकेने बांधून दिलेला असतो, तोही गाडीमागे, माणसामागे नव्हे. त्यामुळे चार मोठी माणसं असली की टॅक्सी रेल्वेच्या जवळपास पडते आणि हॉटेलच्या दारात सोडते. एवढी सोय झाली तर परदेशात आल्यासारखं वाटणार कसं?

हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. बॅगा मात्र सकाळीच ठेवून घेतात. पण विचारायला लाज वाटते ना, म्हणून त्या बरोबरच ओढा. रोमच्या गल्ल्यांत साम्पिएत्रिनी नावाचे काळे दगडी ठोकळे बसवलेत, आणि दोन ठोकळ्यांमधली फट नेमकी ट्रॉलीच्या चाकाएवढी असते. तिसऱ्या चौकापर्यंत एक चाक गेलंच म्हणून समजा.

आईला बूट कालच घेतलेले घाला. चावायला वेळ हवा, तो पहिल्या दिवशी भरपूर असतो.

बॅगेत साजूक तूप आणि पेढे जरूर भरा. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पण नियम इतरांसाठी असतात.

आता मुख्य विषय, कलोसियम. त्याचं तिकीट आधी मुळीच काढू नका. ‘तिथे गेल्यावर बघू’ हा आपला कुलाचार आहे, तो मोडायचा नाही. अधिकृत साइटवर तिकिटं तीस दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरोचं, शेजारचे फोरमचे प्राचीन अवशेष आणि पॅलेटाइन टेकडी त्यातच येतात. आत जायची वेळ ठरलेली असते आणि ऑक्टोबर २०२३ पासून तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, ते दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट, आणि पासपोर्ट असतात हॉटेलच्या तिजोरीत, कारण रोममध्ये खिसे कापतात असं मेव्हण्यांनी सांगितलेलं असतं. (कापतात. टर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस त्यासाठी नावाजलेली आहे.) ज्यांनी तिकिटं काढलेली असतात त्यांनी मुलांची काढलेली नसतात, कारण अठरा वर्षांखाली फुकट. अहो, फुकट म्हणजे शून्य युरोचं तिकीट! तेही त्याच वेळेचं, नावासकट, तुमच्या तिकिटाबरोबर आधीच घ्यायचं असतं. फुकट म्हणजे बोट धरून आत नेणे नव्हे. हे साइटवर लिहिलेलं असतं, पण ते वाचायचं कुणी? सगळं वाचून झाल्यासारखं ‘ॲग्री’ दाबायची सवय.

मग दारातल्या माणसाशी वाद घाला. ‘वुई हॅव कम ऑल द वे फ्रॉम इंडिया’ हे वाक्य आवाज चढवून म्हणा. तुमच्या मागे ब्राझीलहून आणि कोरियाहून आलेली माणसं उभी आहेत, त्यांनी आपापली तिकिटं महिनाभर आधी घेतलीत. दारातल्याला आठ तास उभं राहून हेच ऐकायचं असतं. तुम्हाला आत सोडायचा अधिकार त्याला नाही, असता तरी तुम्ही ज्या सुरात बोलताय तो ऐकून त्याने सोडलं नसतं. ‘स्किप द लाइन’ घेतलं असेल तरीही भांडा, कारण त्याने फक्त तिकिटखिडकीची रांग चुकते. सुरक्षा तपासणीची रांग पोपलाही चुकत नसावी. मोठी बॅग आत नेता येत नाही आणि ती ठेवायला तिथे जागाही नाही. काचेची बाटली चालत नाही, त्यात कैरीचं लोणचं असलं तरी. शेवटी बाहेर फिरणाऱ्या एखाद्या दलालाकडून दुप्पट पैशांत ‘गाइडेड टूर’ घ्या, जिची वेळ दोन तासांनंतरची निघेल. आणि हे सगळं चालू असताना आई कुठे आहे? बाहेर. बारा वाजताच्या उन्हात, दगडी कठड्यावर, सगळ्यांचे स्वेटर मांडीवर घेऊन. पण ते असो.

भिंतीवर नाव कोरायचं असेल तर गडांवर सराव झालेला आहेच. २०२३ मध्ये एका पर्यटकाने किल्लीने हे करून पाहिलं आणि जगभर नाव काढलं.

बसचं तिकीट दीड युरोचं, शंभर मिनिटं चालतं, मेट्रो त्यात एकदाच. कागदी तिकीट बसमधल्या यंत्रात घालून छापून घेतलं नाही तर पन्नासहून जास्त युरो दंड. बँकेचं कार्ड टेकवूनही जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. तुम्ही आपलं बाबांचं कार्ड सहा वेळा टेकवा.

जेवण दुपारी साडेतीनला मागा. बहुतेक ठिकाणची चूल तीनच्या सुमारास थंड होते ती संध्याकाळी सात-साडेसातला पेटते. मध्ये जे उघडं दिसतं ते तुमच्यासारख्यांसाठीच उघडं असतं. शाकाहारी असाल तर पास्ता कार्बोनारा मागवा, नावावरून काय कळतंय! त्यात डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं, अमात्रिचानातही तेच. सुप्ली हे तळलेले भाताचे गोळे बटाटेवड्याचे भाऊबंद वाटतात, पण आत बऱ्याचदा खिमा निघतो. टोमॅटो, लसूण आणि सुक्या मिरचीची पास्ता अर्राब्याता किंवा चीजच नसलेला पिझ्झा मारिनारा मागवला तर सगळं सुरळीत होईल, म्हणून तो मागवू नका. पेकोरिनो आणि पार्मेजान चीज कोकराच्या नाहीतर वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या विरजणाने लावतात, हे घरातल्या कडक शाकाहाऱ्यांना तिसरा घास तोंडात असताना सांगा.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने स्वस्त, बसून महाग. पँथिऑन या प्राचीन देवळासमोरच्या टेबलावर सहा जणांनी बसा आणि बिल आल्यावर दचका.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर बाबांना न्याच. पायऱ्या ५५१ आहेत, पण ‘लिफ्ट आहे हो’ एवढंच त्यांना सांगा. लिफ्ट गच्चीपर्यंत जाते. पुढच्या ३२० पायऱ्या आहेतच, त्याही घुमटाच्या दोन कवचांमधून, अरुंद आणि गोल. वर जाताना भिंत इतकी कलते की माणसाला डोकं एका बाजूला झुकवून चालावं लागतं. वाट एकेरी असते. छातीत धाप भरली म्हणून मधूनच मागे फिरता येत नाही, कारण मागे अख्खी रांग असते. गुडघा, खांदा उघडा असेल तर चर्चच्या दारातूनच परत पाठवतात, त्यामुळे अर्धी चड्डी घालून आलात तर बाबा वाचतील. तुमच्या अर्ध्या चड्डीचा एवढा एकच उपयोग.

आणि दिवसाचा शेवट स्पॅनिश स्टेप्सवर करा. उन्हाळ्यात रोम आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथे संध्याकाळचे सात म्हणजे आईच्या अंगात रात्रीचे साडेदहा-साडेअकरा, तेही आदल्या रात्रीची झोप नसताना. नवे बूट, सकाळपासून दहा ठिकाणं. त्या पायऱ्या दिसतात आणि आई न बोलता खाली टेकतात. लगेच शिट्टी वाजते, कारण २०१९ पासून त्या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे आणि दंड चारशे युरोपर्यंत जातो. आई गडबडून उठतात. बूट हातात, पदर कुठे, चष्मा कुठे. आणि कुटुंब हसतं. व्हिडिओ काढतं. ‘आई इन ट्रबल’ असं लिहून ग्रुपवर टाकतं.

लाज वाटायला हवी. त्या बाईंना दिवसभरात कुणी बसायला जागा शोधून दिली नाही म्हणून त्या तिथे बसल्या. यादी तुमची, बुकिंग विसरलात तुम्ही, ऊन त्यांनी खाल्लं. ‘आईबाबांना रोम दाखवलं’ असं वर्षभर सांगत फिराल, पण त्यांनी बघितलं काय? तुमची पाठ, गर्दीत हरवू नये म्हणून सकाळपासून धरून ठेवलेली!

पहिल्या दिवशी काहीही ‘करायचं’ नसतं. बॅगा हॉटेलवर टाका, खोली मिळाली की आंघोळ करा, तासभर पडा. तासभरच, जास्त झोपलात तर रात्री तीनला टक्क जागे व्हाल. पाचला बाहेर पडा. ट्रेव्ही कारंजं, तिथून दहा मिनिटांवर पँथिऑन, आणखी पाच मिनिटांवर पियात्सा नावोना हा चौक. बास. तिथे बाकं आहेत. पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे ‘नाझोने’ म्हणजे नाकाडे नळ आहेत, १८७४ पासूनचे, ओतीव लोखंडाचे, अखंड वाहणारे. नाकासारख्या तोटीचं टोक बोटाने दाबा, वरच्या बारीक भोकातून धार उडते, वाकावं लागत नाही. पहिली धार आईला द्या. साडेसातला जेवा, नऊला झोपा. कलोसियम उद्या सकाळी, पासपोर्ट बरोबर घेऊन.

आणि चालताना त्या म्हणाल्या, ‘तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच’, तर सगळ्यांनी हॉटेलवर परत फिरायचं. एकट्या आईने नव्हे.