कंबरदुखीच्या रजेवर माणसाने चालायचं नाही का?

आज आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर एक फोटो आला. कंबरदुखीच्या रजेवर असलेला आमच्यातलाच एक जण सकाळी मैदानात चालतोय. खाली सुपरवायझरचा प्रश्न, "चालता येतं तर कामावर का येत नाही?" आणि त्यावर आपल्याच पोरांचे दात काढणारे इमोजी. डोकंच फिरलं माझं.

अरे, चालणं हाच त्याचा उपचार आहे! अंथरूण धरून पडला असता तर तुमच्या लेखी खरा आजारी ठरला असता.

माझा दादा असाच पडून होता. फौंड्रीत साचा उचलताना उसण भरली. डॉक्टरांनी फळीवर झोपवलं, मग पट्टा, मग वजनं लावून कंबर ताणायचं ट्रॅक्शन. रजा संपली, बिनपगारी सुरू झाली. पडून पडून अंगातलं बळ गेलं, जेवणाचं ताट उचलायला वाकायचीही धास्ती बसली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच जुनाट कंबरदुखीला व्यायाम सुचवला आणि पट्टा, ट्रॅक्शन नको म्हटलं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांचा अभ्यास झाला, २०२४ साली छापून आला. कंबर बरी झाल्यावर ज्यांना नेमाने चालायला शिकवलं, त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं. बाकीच्यांचं ११२ दिवसांनी. रजांचा हिशेब कंपनीनेच मांडावा.

खोट्या रजा टाकणारे असतात, मान्य. आणि पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला तर व्यायाम नाही, तडक हॉस्पिटल.

वहिनी म्हणायची, "दिवसभर ओझी उचलतात, त्यांना अजून कसला व्यायाम?" तिचंही चुकत नव्हतं. पण कारखान्यातलं ओझं माणसाची ताकद बघून येत नाही. व्यायाम झेपेल तसा वाढवता येतो. दादाला उभं केलं ते एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी. आधी घरातल्या घरात, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालणं, मग उताणं झोपून कंबर उचलणं. पहिल्यांदा कळ आली तेव्हा घाबरून रडला बिचारा. ताई शेजारी बसून राहिल्या, म्हणाल्या, "दुखलं म्हणजे काही मोडलं नाही, दादा." तो परत कामावर गेला, आधी हलक्या कामावर.

युनियनच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागणार आहे. शिफ्टच्या वेळेतली पंधरा मिनिटं व्यायामाला, आणि रजेवरून येणाऱ्याला सुरुवातीला हलकं काम. भोसरी-चाकणकडचं कोणी फिजिओथेरपिस्ट कंपनीत येऊन शिकवायला तयार असेल तर कमेंटमध्ये कळवा.