लाउंजमधून डबा भरून नेण्याचा ‘हक्क’: एका संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातील अनेक कौटुंबिक आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर वारंवार येतो आहे. त्याचा सारांश असा: विमानतळावरील लाउंजमधले, म्हणजे बँकेचे कार्ड दाखवून आत बसता येते त्या आरामकक्षातले, खाणेपिणे फुकट नसते, त्याचे पैसे आपण कार्डाच्या वार्षिक शुल्कातून आधीच भरलेले असतात; उरलेले अन्न शेवटी फेकूनच दिले जाते; बाहेर नेऊ नये असे कुठेही लिहिलेले नसते; बाहेरच्या दुकानांत तेच पदार्थ चौपट दराने विकून प्रवाशाला लुटले जाते; तेव्हा संकोच सोडावा, रिकामा डबा आणि कापडी पिशवी सोबत न्यावी, आणि बिस्किटे, शीतपेयांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, सँडविच असे जे दिसेल ते प्रवासासाठी भरून घ्यावे. हा मजकूर मला आधी धाकट्या भावाने पाठवला, मग एका जुन्या सहकाऱ्याने, आणि तिसऱ्यांदा तो भाचीकडून आला तेव्हा तिने खाली विचारले होते, ‘मामा, हे बरोबर आहे का?’ तिला मी जे उत्तर दिले तेच येथे विस्ताराने मांडतो आहे. या विषयाकडे मी हिशेबाच्या बाजूने पाहतो, कारण नोकरीची बरीच वर्षे मी शहरातील एका वसतिगृहाच्या भोजनगृहाचा जमाखर्च सांभाळला; आणि मुलगा बंगळूरला असल्यामुळे आता वर्षातून तीन-चार वेळा सोनेगावच्या विमानतळावरून माझे जाणे-येणे होते.

‘पैसे आधीच भरले आहेत’ या दाव्यावर बाकीचा सगळा मजकूर उभा आहे, म्हणून त्याकडे जरा नीट पाहायला हवे. कार्ड देणारी बँक आणि लाउंज चालवणारी संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशद्वारावर कार्ड लावल्यानंतर बहुतेक ठिकाणी जे दोन रुपये कापले जातात, ते कार्ड चालू असल्याची खात्री करण्यापुरते असतात. जेवणाची किंमत म्हणून ते कोणी घेत नाही. खरी रक्कम बँक किंवा कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी, पुष्कळदा एखाद्या मध्यस्थामार्फत, दर प्रवेशामागे ठरल्याप्रमाणे लाउंजला देते. त्या एका ठराविक रकमेत लाउंजला विमानतळाचे भाडे, वीज, कर्मचाऱ्यांचे पगार, साफसफाई आणि अन्न हे सारे बसवावे लागते. म्हणजे आपल्या नावाने जे विकत घेतलेले असते ते दोन-तीन तासांचे बसणे आणि त्या वेळात एका माणसाने तिथे बसून खाणे एवढेच असते. मांडून ठेवलेल्या मालावर आपली मालकी त्यातून निर्माण होत नाही.

हा फरक नागपूरकराला नवा नाही. सीताबर्डीवर किंवा धरमपेठेत आपण अमर्यादित थाळी घेतो, पैसे मोजून घेतो, हवी तितकी वाढून घेतो, आणि तरीही उठताना दहा पोळ्या आणि दोन वाट्या भाजी डब्यात भरून मागत नाही. मागितलीच तर पार्सलचा दर वेगळा आहे असे वाढपी सांगतो, आणि ते आपल्याला अन्याय्य वाटत नाही. आमच्या भोजनगृहातही हाच नियम होता. ताटात कितीही वेळा वाढून घ्यायला मुभा होती, खोलीवर न्यायला मात्र नव्हती. त्यामागे कंजूषपणा नव्हता, साधा गुणाकार होता. कोणी तीन पोळ्या खातो, कोणी नऊ खातो, पण दोनशे मुलांची सरासरी महिनोन्‌महिने जवळपास तीच राहते, आणि तिच्यावरच पीठ, डाळ आणि गॅसचा अंदाज बांधता येतो. अमर्याद जेवण देणे परवडते ते माणसाच्या पोटाला मर्यादा असते म्हणून. डबे भरले जाऊ लागले की तो अंदाज आठवडाभरही टिकत नाही, आणि मग पहिली कात्री पदार्थांच्या दर्जाला लागते. आमच्याकडे एका परीक्षेच्या मोसमात हे प्रत्यक्ष घडले. रात्री अभ्यासाला म्हणून मुले पोळ्या खोलीवर नेऊ लागली, आणि महिन्याच्या अखेरीस वरणाची दाटी कमी झाली. ज्यांनी एकही पोळी वर नेली नव्हती त्यांनीही तेच पातळ वरण खाल्ले.

‘आपलेच पैसे’ या शब्दांनाही दुसरी बाजू आहे. आज पुष्कळ कार्डांवर वार्षिक शुल्क नसतेच, किंवा वर्षभरात ठराविक खर्च केला की ते माफ होते. मग बँक हा खर्च कोठून भागवते? त्याचा एक भाग दुकानदाराकडून येतो. इतवारीतला व्यापारी क्रेडिट कार्डाने आलेल्या रकमेतून दीड-दोन टक्के कापून घेतलेले सहन करतो. दुसरा भाग अशा ग्राहकांकडून येतो ज्यांना बिल वेळेवर पूर्ण भरता येत नाही आणि ज्यांच्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. या दोघांपैकी कोणीही कदाचित कधी लाउंजमध्ये बसलेले नसेल. बँकांनीही आता हात आखडता घेतला आहे: आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर, आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपयांचा खर्च झाला असेल तरच लाउंजची सवलत, अशी अट घातली, आणि इतर बँकांनीही कमीअधिक रकमांच्या तशाच अटी आणल्या. याचे मुख्य कारण गर्दी आणि दर प्रवेशामागे द्यावा लागणारा पैसा हे आहे, डबे भरणाऱ्यांमुळेच हे झाले असा आरोप मी करणार नाही. पण बँकेने आपल्यासाठी अमुक इतका माल आधीच विकत घेऊन ठेवला आहे, ही समजूत किती निराधार आहे ते यातून दिसते.

दुसरा दावा अन्न फेकले जाण्याचा आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. लाउंजमध्ये दोन प्रकारचे पदार्थ असतात. बंद पाकिटातली बिस्किटे, शीतपेयांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या रात्री कोणीही फेकत नाही; त्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात तशाच चालतात. नेमक्या याच वस्तू त्या मजकुराच्या यादीत सर्वांत वर आहेत, म्हणजे जे वाया जाणार नाही तेच ‘वाया जाते’ म्हणून उचलायला सांगितले आहे. पोहे, उपमा, इडली, कटलेट यांचे तसे नाही. त्यांतले काही खरोखरच शेवटी टाकावे लागते. परंतु भांडे रिकामे होताना दिसले की आतून नवे भरून येते, आणि गेल्या आठवड्यात जितके लागले त्यावरून या आठवड्याचे रांधले जाते, हे ज्याने स्वयंपाकघर सांभाळले आहे त्याला सांगावे लागत नाही. डबे भरून नेल्याने उरणारे अन्न वाचत नाही, जास्त शिजू लागते. गेल्या मार्चमध्ये पहाटेच्या विमानासाठी मी बसलो असताना एका कुटुंबाने दोन मोठ्या डब्यांत कटलेट आणि सँडविच भरले. त्यानंतर आलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या एका आजींना पुढचा घाणा येईपर्यंत वीस मिनिटे थांबावे लागले, आणि तेवढ्यात त्यांच्या विमानाची घोषणा झाली. त्या कोरडा टोस्ट हातात घेऊन गेल्या.

अन्न वाया जाऊ नये ही कळकळ मात्र खरी असेल, तर तिच्यासाठी मार्ग उपलब्ध आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये उरलेले चांगले अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवण्याविषयीचे विनियम केले आहेत. ‘तुमच्याकडचे उरलेले अन्न कोणत्या संस्थेला जाते?’ असे लाउंजच्या अभिप्राय-वहीत लिहिणाऱ्या प्रवाशाने त्या अन्नासाठी डबे भरणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक केलेले असते.

याच ओघात प्रकृतीचेही सांगतो. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लाउंजमधला पदार्थ आपण उचलतो तेव्हा तो आधीच बराच वेळ बाहेर मांडलेला असतो. त्यानंतर विमानाची वाट पाहणे, प्रवास, सामानाची वाट पाहणे आणि टॅक्सी. परतीच्या प्रवासात मे महिन्यात नागपुरात उतरलात तर विमानतळाबाहेर ४५ अंशांचे ऊन अंगावर येते. अंड्याचे किंवा चीजचे सँडविच त्या उन्हात लहान मुलाच्या हातात देऊ नये. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: नागपूरहून दोहामार्गे पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेतल्या लाउंजमधले एखादे सफरचंद पिशवीत तसेच राहिले आणि उतरताना ते जाहीर केले नाही, तर तिथे मोठा दंड होऊ शकतो.

‘कुठेही लिहिलेले नाही’ हा तिसरा दावा तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. अनेक लाउंजांत पदार्थ बाहेर नेऊ नयेत असा फलक पदार्थांच्या मेजाजवळच असतो, आणि जिथे तो नसतो तिथेही प्रवेशाच्या अटींत खाणेपिणे आवारातच करावे असे बहुधा नमूद असते. नेण्यासाठीच जिथे सोय करायची असते तिथे ती वेगळी केली जाते. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सने २०२२ मध्ये डेन्व्हर विमानतळावर घाईतल्या प्रवाशांसाठी अशीच एक जागा उघडली, जिथे पदार्थ बांधून ठेवलेले असतात आणि ते उचलून विमानाकडे जाणेच अपेक्षित असते. ज्या अर्थी त्यासाठी निराळी जागा काढावी लागली, त्या अर्थी नेहमीच्या लाउंजमध्ये तो अधिकार गृहीत धरलेला नाही, हे उघड आहे. कायद्याचे भय मी कोणालाही दाखवणार नाही, आणि केळे हातात घेऊन निघालेल्या माणसाला चोर म्हणणे मला मान्य नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची जी व्याख्या आहे, तिच्यात लबाडीचा हेतू आणि ताबा असणाऱ्याची संमती नसणे या दोन्ही गोष्टी येतात. त्यातल्या संमतीकडे मी भाचीचे लक्ष वेधले, कारण संदेशात सगळे आहे, फक्त विचारण्याचा उल्लेख कुठेच नाही.

महागाईची तक्रार मी पूर्णपणे मान्य करतो. विमानतळावर साध्या चहासाठी दीड-दोनशे रुपये मोजावे लागणे हे वाईटच आहे, आणि त्यावर बोलले पाहिजे. बोलल्याने काही घडतेही: हा प्रश्न संसदेत मांडला गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला, जिथे चहा आणि पाण्याची बाटली प्रत्येकी १० रुपयांना व समोसा २० रुपयांना ठेवण्यात आला, पुढे चेन्नईलाही तसाच कॅफे निघाला. नागपूरकरांनी अशा कॅफेचा आग्रह धरावा. शिवाय महाग दुकानाचा राग लाउंजमधल्या कटलेटवर काढल्याने त्या दुकानदाराला काहीच झळ लागत नाही. तोवर आपल्याकडे जुना उपाय आहेच. घरची पोळी-भाजी, चिवडा, दशम्या, संत्री हे सर्व सुरक्षा तपासणीतून बिनदिक्कत नेता येते, रिकामी बाटली नेता येते, आणि आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. डबा न्यायला माझा विरोध नाही. तो घरून भरलेला असावा एवढेच माझे म्हणणे आहे.

राहिला संकोच सोडण्याचा सल्ला. आपण मध्यमवर्गीय माणसे उगाच लाजतो आणि म्हणून मागे राहतो, असे त्या मजकुरात शेवटी म्हटले आहे, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. मधुमेह असलेल्या माणसाने सोबत एक केळे ठेवावे, विमान लागल्याची घोषणा झाल्यावर अर्धा राहिलेला कॉफीचा कागदी पेला हातात घेऊन निघावे, झोपेतून उठलेल्या मुलासाठी बिस्किटाचा एक पुडा घ्यावा, याला कोणाचीच हरकत नसते आणि नसावी. लाज वाटते ती पिशवी मेजाखाली धरून, कर्मचाऱ्याची पाठ वळण्याची वाट पाहताना. आणि ती वाटते हे चांगले आहे, कारण समोरच्या माणसाचे आपल्याला अजून भान आहे, असा तिचा अर्थ होतो.

तो समोरचा माणूस या मजकुरात कुठेच नाही. मागच्या खेपेला मी पदार्थांच्या मेजापाशी उभ्या असलेल्या मुलाला विचारले, ‘बाळा, एक केळं सोबत घेऊन जाऊ का? पोहोचेपर्यंत दुपार होईल.’ तो म्हणाला, ‘घेऊन जा न काका, त्यात काय विचारायचं.’ आणि त्याने आतून बरे पिकलेले पाहून आणून दिले. मी थोडा थांबलो, तेव्हा तो मोकळेपणाने बोलला. शीतपेयांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या पाळी सुरू होताना मोजून त्याच्या हवाली होतात आणि संपताना पुन्हा मोजल्या जातात. आत आलेल्या माणसांच्या मानाने खप फार दिसला की वरिष्ठ त्यालाच जाब विचारतात, आणि पिशवी भरणाऱ्या प्रवाशाला अडवले की तो प्रवासी तक्रार लिहितो, तीही त्याच्याच नावावर जाते. हे मी भाचीला कळवले, तेव्हा तिने तो मजकूर ज्या दोन गटांत पुढे पाठवला होता, तिथे त्याखाली या मुलाची हकीकत लिहिली.