फिक्सीला स्टीलच का? मागच्या चाकाचा नट बघा

‘स्टीलची फ्रेम कशी मऊ चालते!’ फिक्सीचा, म्हणजे फिक्स्ड-गिअर सायकलचा, विषय निघाला की हे वाक्य येणारच. मला ते पटत नाही. रस्त्याचा दणका आधी टायर खातो, मग सीट. फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने मिलिमीटरभरसुद्धा धड दबत नाही. 23 मिमीचा टायर काढून 28 चा घाला, हवा 100 वरून 75 पीएसआयवर आणा. तेवढा फरक फ्रेमची कुठलीही नळी बदलून पडणार नाही. तरी फिक्सी घ्यायची तर स्टीलचीच घ्या असं माझं मत आहे. कारण सापडतं मागच्या एक्सलच्या नटापाशी.

फिक्सीला फ्रीव्हील नाही, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) नाही. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. चेन ताणायची एकच युक्ती: फ्रेमच्या मागच्या खाचेत चाक मागे ओढायचं आणि पंधराच्या पान्याने दोन्ही नट आवळायचे. पंक्चर झालं, मागची दातेरी चक्री बदलली, चेन सैल पडली, की दर वेळी हेच. नटाची दातेरी वायसर दर वेळी खाचेच्या कडेला चावते. अॅल्युमिनियममध्ये तिथे हळूहळू चर पडतो. मग ताण तुम्ही कुठेही धरा, आवळताना नट घसरून आपल्या जुन्या चरातच जाऊन बसतो. स्टीलवर फक्त ओरखडे उठतात.

त्यात पायांनी वेग कमी करताना ओढ उलटी होते. आता चेनची वरची नव्हे, खालची बाजू ताणली जाते. रोज शेकडो वेळा अशी उलटसुलट ओढ. उजवा नट ढिला असेल तर एक्सलचं उजवं टोक पुढे सरकतं आणि टायर डाव्या चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) घासू लागतो. म्हणून क्रँक पूर्ण फिरवून चेन सगळ्यात घट्ट कुठे होते ती जागा आधी शोधा (पुढची चक्री क्वचितच अगदी गोल असते). तिथे चेन मधोमध बोटाने वर-खाली एक सेंटिमीटर हलली पाहिजे. जास्त सैल ठेवली तर चेन उतरते, अडकते आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं. फिक्सीवरचा सगळ्यात वाईट अपघात हाच.

आता वजन. स्टीलची घनता घनसेंटिमीटरला 7.85 ग्रॅम, अॅल्युमिनियमची 2.7, ताठपणाचं मापही साधारण 200 ला 70 गिगापास्कल. म्हणजे वजनामागे ताठपणा जवळपास सारखाच. फरक व्यासात: स्टीलची 28.6 मिमीची नळी पुरते, अॅल्युमिनियमला जाड डबा लागतो. ती बारीक, सरळ रेघ डोळ्यांना बरी वाटते हे मीही नाकारत नाही. पण ‘क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) जास्त ताठ’ हे चूक. साधं स्टील आणि क्रोमोली, ताठपणा सारखाच. क्रोमोली मजबूत, म्हणून नळीची भिंत टोकांना 0.9 आणि मध्ये 0.6 मिमी इतकी पातळ करता येते. साध्या स्टीलला ते परवडत नाही, म्हणून ती फ्रेम जड.

जपानचं केरिन बघा. 1948 मध्ये कोकुराला सुरू झालेली, पैसे लावून बघायची ट्रॅक शर्यत. पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतीत आजही एनजेएसचा (केरिनसाठी मान्य असल्याचा) शिक्का असलेली स्टीलची फ्रेमच लागते. लोक पैसे लावतात, तेव्हा निकाल पायांनी ठरावा, महागड्या फ्रेमने नव्हे. 2012 पासूनच्या गर्ल्स केरिनमध्ये आणि ऑलिंपिकमध्ये मात्र कार्बन चालतो. म्हणजे स्टील जास्त वेगवान आहे असं जपानही म्हणत नाही! नागासावा, कालाविंका या जपानी कारागिरांच्या फ्रेम सांध्यावर लग (धातूची बाही) घालून, डाग देऊन जोडलेल्या. पडझडीत नळी चेपली तर सांधा तापवून ती एकटी बदलता येते. पण या फ्रेमला ब्रेकचं भोक नसतं. शहरात चालवायची तर पुढचा ब्रेक हवाच, आणि तो बसवायला मूळ फोर्कला ड्रिल मारू नका. भोक असलेला दुसरा फोर्क घ्या. घेताना क्राउन रेसचं (फोर्कच्या माथ्यावर बसणाऱ्या बेअरिंगच्या कड्याचं) माप 27.0 मिमी की 26.4 ते बघा.

जुन्या रोड सायकलची फिक्सी करायची असेल तर स्टीलशिवाय पर्यायच नाही. मागच्या दोन खाचांमधली रुंदी 126 मिमी असते, ट्रॅक हबला (फिक्सीच्या चाकाच्या मधल्या भागाला) 120 हवी. दोन्ही बाजू तीन-तीन मिलिमीटर थंडच वाकवता येतात. नंतर दोरी लावून तपासा: एका खाचेपासून दोरी पुढे नेऊन हेड ट्यूबला (हँडलखालच्या आखूड नळीला) वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेपर्यंत आणून ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोरीचं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक समजा. हे अॅल्युमिनियमवर करू नका, चीर जाईल. आणि खाच उभी असेल तर ती फ्रेम घेऊच नका, चेन ताणणार कशी?

सेकंडहँड घेताना हेड ट्यूबच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. लाट लागली किंवा रंगाला आडवी चीर दिसली तर गाडी समोरून धडकलेली आहे. सीट पोस्ट निघते का तेही बघा. नाही निघाली तर किंमत निम्मी समजा.

गंज आतून लागतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्याआधी सीट पोस्ट आणि बीबी (क्रँकचं बेअरिंग) काढून नळ्यांत पन्नासेक मिली जवसाचं तेल (‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ नावाने तयार मिळतं ते) ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि रात्रभर निथळू द्या. आठवडाभरात आत पातळ पापुद्रा धरतो. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा, किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.