नदीकडचीच खोली मागावी

पुण्यातील कुटुंबाने सुट्टीत महाबळेश्वरला निघून पसरणीच्या घाटात अर्धा दिवस गाडीत बसून काढण्यापेक्षा पुण्यातच, घरापासून आठ-दहा किलोमीटरवर, नदीकाठच्या आलिशान हॉटेलात एक रात्र सहकुटुंब राहावे, यातच आता शहाणपण मानले जाते. आपण सिंहगड रस्त्याला राहत असाल, तर आपल्या सोसायटीच्या मागूनही हीच नदी वाहते, असला क्षुद्र विचार आरक्षण करताना मनात आणू नये. सोसायटीमागून वाहते ती नुसती मुठा. संगमावर तिला मुळा मिळाली आणि ती बंडगार्डनच्या बाजूला वळली, की तिला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतात आणि तिच्याकडे तोंड असलेल्या खोलीचा दर रस्त्याकडच्या खोलीहून जास्त असतो.

समजा, हा दर रात्रीला 12,000 रुपये आहे. दर 7,500 रुपयांच्या वर असल्याने त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 14,160 रुपये होतात. खोली दुपारी 3 वाजता मिळते आणि दुसऱ्या दिवशी 12 वाजता सोडावी लागते, म्हणजे मुक्काम 21 तासांचा आणि भाव तासाला सुमारे 674 रुपये. हा हिशेब घरूनच करून न्यावा, म्हणजे मुले खोलीत शिरताच मोबाइल उघडून बसली की त्यांना दर तासाला नदीकडे पाहायला लावता येते.

खोलीत शिरल्यावर प्रथम पडदा सारावा. समोर काच असेल, आणि ती उघडत नाही. काहीजण ‘थोडी हवा येऊ द्या’ म्हणून खटका शोधत बसतात आणि मग रिसेप्शनला फोन करतात. आपण तसे करू नये. काच बंद राहणे हा या दृश्याचा आत्मा आहे. नदी पाहायची असते. ती हुंगायची असते असे आरक्षणाच्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही. काचेपलीकडे जे वाहते आहे, त्यात आपलाही थोडा वाटा आहे, ही जाणीव झाली तर अभिमान बाळगावा. शहराचे सगळेच सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचते असे नाही. तेव्हा निघण्यापूर्वी घरी उरकलेल्या आंघोळींचे पाणी आपल्याही आधी येथे येऊन थांबले असण्याचा संभव आहे, कारण नदीला स्वारगेटचा सिग्नल लागत नाही. शिवाय पवना दापोडीला मुळेत मिसळते, त्यामुळे पिंपरी-चिंचवडकरांनीही आपल्या सहलीला हातभार लावलेला असतो. जवळच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात बांधलेला बंधारा आहे, ज्यावरून बंडगार्डनला नाव पडले. तो पुण्याला पाणी मिळावे म्हणून बांधला होता, ही माहिती मुलांना सांगू नये. पुढचे प्रश्न अवघड असतात.

ऋतू कोणता निवडावा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. उन्हाळ्यात नदी जलपर्णीने काठोकाठ भरते आणि वरच्या मजल्यावरून हॉटेलची हिरवळच थेट पलीकडच्या काठापर्यंत पसरल्यासारखी दिसते. तिच्यावरून एखादा बगळा चालत जाताना दिसला, की ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहून छायाचित्र नातेवाइकांना पाठवण्यास हरकत नाही. डासांचे छायाचित्र येत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की जलपर्णी वाहून जाते, पाणी गढूळ पण भरघोस होते, आणि तेवढे दोन-चार दिवस ही नदी नदीसारखी वागते. मात्र तेव्हा भिडे पूल पाण्याखाली गेलेला असतो, आणि कठड्याशी फुकट उभे राहून पूर पाहणाऱ्यांत आपलेच शेजारी असतात. मग 14,160 रुपये कशाचे, हा प्रश्न घरातून उठतो. म्हणून माझे मत उन्हाळ्याच्या बाजूने आहे. महापालिकेच्या 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पामुळे काही वर्षांत काठ इतका देखणा होईल, की पाण्याकडे कोणी पाहणारही नाही. तोपर्यंत वाट पाहायची तयारी असल्यास गोष्ट वेगळी.

आजोबांना सोबत न्यावे की नाही, हा निर्णय मात्र पूर्ण विचारांती घ्यावा. ते ओंकारेश्वराच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले असतात आणि त्यांच्या वेळची धीट मुले पुरात लकडी पुलावरून उड्या मारत असत. काचेसमोरच्या खुर्चीत बसवल्यावर ते बराच वेळ काही बोलत नाहीत. मग एकदम 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तो दिवस काढतात आणि म्हणतात, “तेव्हा नदी आमच्या घरात माळ्यापर्यंत आली होती. तिला बघायला कोणी पैसे मागत नव्हते.” अशा वेळी वाद घालू नये, त्यांना तरणतलावाकडे न्यावे. तेथे नायलॉनचा पोशाख आणि टोपी सक्तीची असते, पाणी साडेतीन फूट आणि निळे असते, क्लोरिनचा वास येतो आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे तीच नदी वाहत असते. ‘नदी शेजारी असताना हा हौद कशाला?’ असे नातवाने विचारले, तर उत्तर आजोबांकडून येऊ देण्याऐवजी आपणच चटकन ‘आत उतर’ म्हणावे.

सकाळचा बुफे हा खरा वसुलीचा भाग असला तरी त्यात कौशल्य फारसे लागत नाही, भूक लागते. पोहे घेऊ नयेत. पोह्यांसाठी कोणी हॉटेलात राहत नाही. तरीही घरातील प्रत्येकजण पोहेच घेईल आणि ‘आपल्याकडच्यासारखे नाहीत’ म्हणेल, याची मनाची तयारी असावी. पिशवीतून नेलेली बाकरवडी खोलीतच संपवावी आणि कागद घरी परत आणावा.

नदीकडे पाहून एखाद्या आत्याबाई हात जोडतील, तर त्यांना अडवू नये. हे पाणी पुढे भीमेला मिळते, उजनीच्या धरणात जाते आणि पंढरपूरला पोहोचेपर्यंत त्याला चंद्रभागा म्हणतात. गेल्या आषाढीला आत्याबाईंनी तेथूनच बाटली भरून आणली होती आणि ती आपल्या देवघरात आहे. हा भूगोल त्यांना न्याहारीच्या टेबलावर समजावण्यात काही अर्थ नाही.

निघताना हॉटेलातर्फे अभिप्रायाचा कागद दिला जातो. ‘खोली’, ‘स्वच्छता’, ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ या रकान्यांत हात आखडता घ्यावा, ‘दृश्य’ या रकान्यात मात्र पाचही तारे भरावेत, कारण आपण नातेवाइकांना छायाचित्र पाठवून चुकलेले असतो. ‘सूचना’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहावे की, सायंकाळी लॉबीचे दार उघडले असता नदीकडून दुर्गंधी येते, याबाबत हॉटेल व्यवस्थापनाने तातडीने लक्ष घालावे आणि झालेल्या मनस्तापापोटी रस्त्याकडच्या व नदीकडच्या खोलीच्या दरातील फरक, जीएसटीसह, परत करावा.