पट्टकदंबाच्या गळ्यातली पट्टी

गेल्या जानेवारीत हिप्परग्याच्या तलावावर एक पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेला रानहंस, दिसला. गळ्यात संशोधकांनी ओळखीसाठी बांधलेली हिरवी पट्टी, तिच्यावर एक अक्षर आणि दोन आकडे. ते वाचायला अर्धा तास गेला, कारण मान वर करायलाच तयार नव्हता, नुसता चरत होता. नोंद कळवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं : पट्टी मंगोलियात बांधलेली. म्हणजे हिमालय ओलांडून हा आपल्या सोलापुरात उतरलेला! मला अगदी भरून आलं.

माझी एक विद्यार्थिनी याच पक्ष्यांमधल्या बर्ड फ्लूवर काम करते. शेजारच्या एका देशातल्या प्रयोगशाळेत तिला तीन महिने जायचंय. निमंत्रण आहे, पैशांची सोय आहे, व्हिसा नाही. आठ महिने झाले. नुसते नमुने पाठवायचे म्हटलं तरी परवानग्यांचं वेगळंच रामायण.

आणि हे हौसेचं काम नाही हो. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय तलावावर या रोगाने हजारो पक्षी मेले, त्यात सगळ्यात जास्त पट्टकदंब. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापूरला कोंबड्यांत तोच रोग निघाला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. रोग पक्ष्यांनी आणला की व्यापाराने, हे ठरवायचं तर सीमेच्या दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवूनच बघावे लागतात.

युरोपीय संघात संशोधक एका देशातून दुसऱ्या देशात सरळ नोकरीला जातो, निधीही सामाईक. हे वैज्ञानिकांच्या दोस्तीतून आलेलं नाही, देशांनी राजकीय करार केले म्हणून आलं. करार हलला की काय होतं तेही दिसलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडने स्थलांतरावर मर्यादा घालायचा कौल दिला आणि संघाच्या संशोधन कार्यक्रमातलं त्यांचं पूर्ण स्थान गेलं, ते २०१७ मध्ये परत मिळालं. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडलं. नंतर तिथल्या काही शास्त्रज्ञांना युरोपचं अनुदान मंजूर होऊनही, प्रयोगशाळा युरोपात हलवा नाहीतर अनुदान सोडा, असं सांगण्यात आलं. २०२४ च्या जानेवारीत ब्रिटन पुन्हा त्या कार्यक्रमात आलं. या देशांकडे ना पैसा कमी, ना बुद्धी.

माणसं चांगली असली की पुरे, असं म्हणणारे आपल्याकडे सोलापूरच्या कोटणीस डॉक्टरांचं नाव घेतात. १९३८ साली ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना माझे हात आजही जोडले जातात. पण दर पिढीत एका कोटणीसाची वाट बघत संशोधन चालत नाही.

युरोपसारखं एक व्हा, असं मी म्हणत नाही, ते आपल्या भागात आज शक्य नाही. पण टोळधाडीसाठी भारत-पाकिस्तानचे अधिकारी मुनाबाव-खोखरापारच्या सीमेवर भेटलेत ना? मग भारत, नेपाळ, चीन, मंगोलिया यांनी निदान पक्ष्यांच्या रोगांपुरता लेखी करार करावा. भांडण कितीही पेटलं तरी नमुने आणि संशोधक अडणार नाहीत, एवढं एकच कलम.

मार्च लागला की पट्टकदंब परत निघतील. पोरगी अजून व्हिसाची वाट बघतेय.